अपघात विभागातील परिचारिका : तिला काय आले पाहिजे?



आजच्या विषयाचे नाव कार्यवाहांनी पत्रिकेवर मोठे भारदस्त छापले आहे. 'आकस्मिक रुग्णसेवा' वगैरे शब्द वाचून काही मंडळी घरीच थांबली असतील, अशी मला धास्ती होती. बोलताना मी साधे शब्द वापरणार आहे. त्या विभागाला आपण सगळे 'कॅज्युअल्टी' म्हणतो आणि तिथल्या परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षे ह्याच विभागात गेली. तेव्हा पुस्तकातले थोडे आणि पाहिलेले बरेच, असे आजच्या बोलण्याचे प्रमाण राहील.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या जन्मदिनी, आमचे सत्कार होतात. वक्ते आम्हांला माउली म्हणतात, देवदूत म्हणतात, ममतेची मूर्ती म्हणतात. ऐकायला बरे वाटते. परंतु मनात येते की, ह्या स्तुतीत आमच्या कामाचे नावच कुठे येत नाही. ज्या बाईंच्या नावाने हा दिवस पाळतात, त्या बाई हातात दिवा घेऊन नुसत्या फिरल्या नव्हत्या. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात गेल्यावर त्यांनी मृत्यूंची मोजदाद केली, आणि सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मरतात हे आकड्यांनी सरकारच्या गळी उतरवले. लंडनच्या संख्याशास्त्र परिषदेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद होत. म्हणजे आमची आद्य गुरू हिशेबाला पक्की होती. हे मात्र सत्काराच्या भाषणांत कोणी सांगत नाही.

ममता हवीच. पण रात्री दोन वाजता स्ट्रेचरवर आणलेल्या माणसाची पहिली पाच मिनिटे पार पडतात ती ज्ञानाने, सरावाच्या हाताने आणि त्या ज्ञानाप्रमाणे तत्काळ वागण्याची मुभा असल्याने. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरचे काम हे निर्णयाचे काम आहे, आणि तो निर्णय पुष्कळदा डॉक्टर येण्यापूर्वीच घ्यावा लागतो. आज मला एवढेच सांगायचे आहे.

आधी आपला मुलूख डोळ्यांसमोर आणा. ह्या सोनिवलीला एका अंगाने उल्हास नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाने लोहमार्ग. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही एका माळेतली गावे. मधूनमधून औद्योगिक वसाहती. पलीकडे भातखाचरे आणि कातकरी-ठाकरांच्या वाड्या. त्यामुळे आपल्या बाजूच्या रुग्णालयात एकाच रात्री काय काय येते पाहा. लोकलच्या दारातून पडलेला तरुण, कारखान्यात वाफेने भाजलेला कामगार, बांधावर साप चावलेली बाई, आणि नव्या इमारतीच्या बंद न्हाणीघरात गॅसच्या गिझरमुळे गुदमरलेली शाळकरी मुलगी. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ह्यातल्या प्रत्येकाला वेगळा विभाग असतो. इथे पहिली पाच मिनिटे चौघांना मिळून एकच सिस्टर असते.

मग तिला सर्वांत आधी काय आले पाहिजे? निवडता आले पाहिजे. आपल्या आयाबाया सुपात तांदूळ घेऊन निवडतात. एक नजर फिरली की खडा कुठे आहे ते बोटांना कळते. नेपोलियनच्या सैन्यात लॅरे नावाचा शस्त्रवैद्य होता. त्याने असा दंडक घातला की जखमी सैनिकाचा हुद्दा पाहायचा नाही, जखमेची निकड पाहायची. ह्या निवडीला पुढे फ्रेंच भाषेतलाच 'ट्रायाज' हा शब्द रूढ झाला आणि त्याचाही मूळ अर्थ निवडणे हाच. आज रुग्णालयांत तांबडा, पिवळा, हिरवा असे रंग ठरवतात. तांबडा म्हणजे ह्या क्षणी. पिवळा म्हणजे थोड्या वेळात, पण नजरेआड करायचा नाही. हिरवा म्हणजे थांबू शकतो.

ऐकायला सोपे आहे. अवघड एवढ्यासाठी की ओरडणारा रुग्ण बहुधा तांबडा नसतो. हात कापलेला तरुण आरडाओरडा करतो, त्याच्याबरोबर आठ मित्र असतात आणि तेही ओरडतात. कोपऱ्यातल्या बाकावर एक आजी पदराने घाम पुसत गप्प बसलेली असते. "काय होतंय आजी?" विचारले तर म्हणते, "काही नाही ग बाई, पित्त झालंय. जबडा दुखतोय जरा." ओरडणाऱ्याला ओरडण्याइतका श्वास आहे, आजीचे काय? हृदयविकार बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत छातीत न दुखताही येतो. हे जिला ठाऊक आहे ती सिस्टर त्या आठ जणांचा रोष पत्करून आजीला आधी आत घेते आणि दहा मिनिटांच्या आत तिच्या हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढून डॉक्टरांच्या हातात देते. दहा मिनिटे हा नियमच आहे. बाहेरचे आठ जण मात्र म्हणतात, "आम्ही आधी आलो होतो!" रेशनच्या दुकानातली रांग आणि कॅज्युअल्टीतली रांग ह्यांत फरक आहे, हे आपल्या समाजाला अजून पुरते उमगलेले नाही.

निवडायचे ते कशावरून? नाडी, रक्तदाब, तापमान सगळे पाहतात. ज्याची सर्वांत हेळसांड होते ती श्वासाची मोजणी. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो २८-३० वर गेला म्हणजे आत काहीतरी बिघडले आहे, मग चेहरा कितीही शांत दिसो. पण मोजायला घड्याळ धरून पुरे एक मिनिट उभे राहावे लागते, आणि ते मिनिट कोणाजवळ नसते. मग केसपेपरवर ओळीने २०, २०, २० असे आकडे पडतात. मी विद्यार्थिनींना म्हणत असे, साऱ्या वॉर्डाचा श्वास एकाच तालावर चालतो की काय, एवढे मोठे भजनी मंडळ मी पाहिले नाही!

आता बोटाला लावायचे प्राणवायूचे यंत्र आले आहे. २०२० नंतर ते घरोघर झाले. चांगले यंत्र आहे. पण यंत्र कुठे फसते हे जिला माहीत नाही, तिच्या हाती ते धोक्याचे. बोटे गार पडली असतील, नखांना गडद रंग असेल, तर आकडा चुकतो. आणि ती गिझरवाली मुलगी आठवा. कोळशाचा किंवा अर्धवट जळलेल्या गॅसचा विषारी वायू रक्तात शिरला की यंत्राला तो प्राणवायूच वाटतो. मुलगी निपचित पडलेली, आणि यंत्र ९८ दाखवते. अशा वेळी यंत्रावर विश्वास ठेवायचा की बंद न्हाणीघराच्या हकिकतीवर? शहाणी सिस्टर हकिकतीवर ठेवते आणि मुखवट्याने भरपूर प्राणवायू लगेच सुरू करते.

तसेच दारूच्या वासाचे. लोकलमधून पडलेला, रस्त्यावर सापडलेला माणूस पोलीस आणून टाकतात. तोंडाला वास येतो. कोणीतरी म्हणते, "प्यायलाय, झोपू द्या." मला ह्या वाक्याची फार भीती वाटत आली आहे. दारू प्यायलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागत नाही असा काही कायदा नाही. त्याच्या रक्तातील साखर उतरलेली असू शकते आणि ती पाहायला बोटाच्या टोकाचा एक थेंब पुरतो. शुद्धीचे माप ठरलेले आहे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट ह्या दोघांनी १९७४ साली ते बसवून दिले. डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय कसे हलवतो, ह्यांवरून ३ ते १५ असा आकडा. खुबी एका आकड्यात नाही. रात्री अकराला १४ होता, साडेअकराला १२ झाला, हे टिपण्यात आहे. ती उतरण कागदावर दिसली की डॉक्टरला झोपेतून उठवायचे, आणि तो वैतागला तरी उठवायचे.

सापाच्या बाबतीत मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण पावसाळा आता महिन्यावर आला आहे आणि समोर शेतकरी कुटुंबांतले पुष्कळ जण बसलेले दिसतात. आपल्याकडे जिवाला अपाय करणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पहिल्या दोघांचे विष मज्जासंस्थेवर जाते. दुसऱ्या दोघांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. मण्यार फार कपटी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दुखत नाही, दातांची खूण सापडेल न सापडेल. पहाटे माणूस उठतो तो पोट दुखते म्हणून. मग पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप झाली नाही. कॅज्युअल्टीत हा माणूस 'पोटदुखी' म्हणून नोंदला गेला की संपले. म्हणून पावसाळ्यात पहाटे पोटदुखीचा रुग्ण आला की "वर बघा, डोळे मिटू नका" असे म्हणून पापण्या पाहायच्या, आणि रात्री कुठे झोपला होता ते विचारायचे. जमिनीवर की खाटेवर, ह्या एका प्रश्नाने जीव वाचू शकतो.

घोणस किंवा फुरसे असेल तर एक परीक्षा आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घालायचे, नळी न हलवता वीस मिनिटे ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर विष अंगात भिनले आहे. किती सोपे! परंतु नळी काचेचीच हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. आणि ती साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल तर निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही, आणि नको त्याला प्रतिविष दिले जाते. म्हणजे हा सगळा निर्णय मावशींनी नळी कशाने धुतली ह्यावर लटकलेला असतो. ती नळी वेगळी राखून ठेवणे, घड्याळ लावणे, वीस मिनिटांत कोणाला हात लावू न देणे, हे सिस्टरचे काम.

प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून करतात, त्यामुळे ते काहींना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून बाटली लावण्यापूर्वीच अ‍ॅड्रिनलिनची सुई भरून उशाशी ठेवायची असते, आणि पहिला काही वेळ रुग्णाजवळून हलायचे नसते. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. लहान मुलालाही प्रतिविष मोठ्या माणसाइतकेच द्यावे लागते, कारण सापाने विष सोडताना वय पाहिलेले नसते. मूल लहान म्हणून औषध निम्मे, ही नेहमीची रीत इथे घातक ठरते.

ह्या संदर्भात महाडकडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसे कशी मरतात हे त्यांनी आडगावच्या आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून पाहिले, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर गुणकारी ठरते हे दाखवून दिले. १९८० नंतरच्या दशकात त्यांचे निबंध 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य नियतकालिकात आले. मोठी यंत्रे त्यांच्याजवळ नव्हती. रात्रभर रुग्णाकडे पाहत राहणे, हातपाय गार पडले का, घाम सुटला का, हे वेळ टाकून लिहिणे, हीच त्यांची सामग्री. आणि सिस्टरजवळ ती आजही आहे.

हाताच्या कौशल्यांविषयी थोडक्यात सांगते. हृदय थांबले तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायची आणि दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण थकलेला हात आपण थकलो हे कबूल करत नाही. मानेला मार असेल तर डोके मागे न वाकवता नुसता जबडा पुढे ओढायचा. हे सगळे पुतळ्यावर शिकवतात, प्रमाणपत्र देतात. परंतु सराव नसेल तर काही महिन्यांत हात विसरतो, असेच सर्वत्र आढळून आले आहे. पोहण्यासारखे हे नव्हे. हे तबल्यासारखे आहे, रियाज सुटला की बोल बिघडला.

आणि इथेच आमच्या व्यवस्थेची एक गोष्ट मला खटकते. सरकारी रुग्णालयांत परिचारिकांच्या जागा पाळीपाळीने बदलतात. ह्या महिन्यात कॅज्युअल्टी, पुढे प्रसूती, मग अस्थिरोग. सगळ्यांना सगळे यावे हा हेतू चांगला आहे. पण जिची नजर तयार झाली, तिलाच उचलून दुसरीकडे पाठवायचे आणि तिच्या जागी नवखी आणायची, हे म्हणजे मोटरमन तयार झाला की त्याला तिकीटखिडकीवर बसवण्यासारखे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने आकस्मिक व आपत्ती परिचर्येचा वर्षभराचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखलेला आहे. तो पुऱ्या केलेल्या बाईला त्याच विभागात टिकवून ठेवायचे की नाही, हा प्रश्न पैशांचा कमी आणि तक्ता लिहिणाऱ्याच्या सवयीचा अधिक आहे.

औद्योगिक वसाहतीविषयी बोलायचे तर, जून २०२१ मध्ये बदलापुरात रात्री वायुगळती झाली आणि आसपासच्या लोकांना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, हे आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. रसायनाने माखलेला रुग्ण आला की धावत जाऊन कवटाळावेसे वाटते. तसे करायचे नाही. आधी स्वतःचे हातमोजे आणि झगा, मग त्याचे कपडे दाराबाहेरच उतरवायचे, भरपूर पाण्याने अंग धुवायचे, आणि मग आत घ्यायचे. तसे न केल्यास अर्ध्या तासात सिस्टरच रुग्ण होते, आणि आधीचे सगळे रुग्ण वाऱ्यावर. शेतातले कीटकनाशक पोटात गेलेल्याच्या बाबतीतही तेच. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ. ही खूण ओळखायची, पण उघड्या हाताने नव्हे.

२०१९ च्या जुलैची २७ तारीख तर आपण कोणीच विसरलेलो नाही. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. सुमारे हजारभर उतारू रात्रभर डब्यांत होते; त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. आपत्ती दलाच्या जवानांनी, नौदलाने आणि गावकऱ्यांनी सर्वांना सुखरूप बाहेर काढले. अशा वेळी पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या परिचारिकेने काय करायचे? हजार जणांचा रक्तदाब घेत बसले तर संध्याकाळ होईल. "ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाकडे चला" असे मोठ्याने सांगायचे. एका वाक्यात शेकडो हिरवे वेगळे होतात. उरलेल्यांत आधी गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, इन्सुलिन घेणारे. सुपातली निवड पुन्हा तीच, सूप तेवढे मोठे.

धैर्याचा उल्लेख मी आतापर्यंत टाळला, कारण धैर्याच्या गोष्टी सांगताना कौशल्य झाकले जाते. कामा रुग्णालयातील श्रीमती अंजली कुलथे ह्यांचे नाव देशाला माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी रुग्णालयात शिरले तेव्हा त्या प्रसूतिपूर्व कक्षात कामावर होत्या. त्यांनी कक्षाचे जड दार लावून घेतले, सुमारे वीस गरोदर स्त्रियांना आतल्या सुरक्षित खोलीत हलवले, गोळी लागलेल्या सहकारी स्त्रीला कॅज्युअल्टीत पोहोचवले, आणि एका बाईला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला भिंतीच्या आडोशाने प्रसूतिगृहात नेले. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ही हकिकत सांगितली. सारे जग त्यांच्या शौर्याला वंदन करते, आणि ते योग्यच आहे. मी त्या हकिकतीत आणखी एक पाहते. आता दार, आता रुग्ण, आता जखमी, आता बाळंतीण, असा एकेका निकडीचा निवाडा त्यांनी गोळ्यांच्या आवाजात केला.

कायद्याचे एक सांगून टाकते. अपघाताचा रुग्ण पोलिसांच्या कागदांसाठी अडवून ठेवायचा नाही, उपचार आधी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. सिस्टरला हे पाठ हवे, आणि तुम्हांलाही. कपडे कापायचे तर भोसकलेल्या जागेतून कापायचे नाहीत आणि ते फेकायचे नाहीत, कारण पुढे तेच साक्ष देतात. असो; हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

मारहाणीविषयी मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. २०१० साली महाराष्ट्राने वैद्यकीय सेवकांवरील हिंसेविरुद्ध कायदा केला, त्याच्या छत्राखाली परिचारिकाही येतात. तरी रात्रीच्या पाळीला सिस्टरच्या अंगावर धावून जाणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांतले बहुतेक दुष्ट नव्हते. त्यांना अर्धा तास कोणी काही सांगितले नव्हते, एवढेच. म्हणून बोलणे हेसुद्धा मी कौशल्यांत धरते. "थांबा" एवढेच म्हणू नये. "तुमच्या भावाचा रक्तदाब ठीक आहे, टाके घालायचे आहेत, आत एका आजींचे हृदय अडले आहे, म्हणून डॉक्टर तिकडे आहेत, मी दर पंधरा मिनिटांनी येऊन पाहीन" असे म्हणावे, आणि खरोखर यावे. उल्हासनगरात हे सिंधीत किंवा हिंदीत म्हणता आले तर अधिक बरे. वाडीवरून आलेल्या कातकरी बाईला तर आधी खाली बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलावे. ती उभ्या माणसाला उत्तर देत नाही.

बदलापूरहून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, तिथून कळव्याला किंवा मुंबईला, असा प्रवास आपल्याकडच्या अनेक रुग्णांच्या नशिबी असतो. पाठवण्याआधी पुढच्या ठिकाणी फोन करणे, काय दिले आणि किती वाजता दिले हे कागदावर लिहून कागद रुग्णाबरोबर देणे, प्राणवायूची नळकांडी वाटेत संपणार नाही हे पाहणे, ह्यात सिस्टरची परीक्षा असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. वाहन मिळते, पण गाडीत हकिकत चढली की नाही हे कोण पाहणार?

तुम्हां श्रोत्यांकडूनही सिस्टरला काही हवे असते. रुग्णाला आणाल तेव्हा एकानेच बोलावे, आणि ज्याने प्रसंग पाहिला त्याने बोलावे. त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळ पाहून लक्षात ठेवा. घरात ज्या गोळ्या चालू असतील त्यांची पाकिटे पिशवीत घालून आणा. "ती पांढरी लहान गोळी" असे सांगून काही कळत नाही. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, सापाच्या मागे काठी घेऊन जाऊ नका; हात किंवा पाय हलणार नाही असा धरून सरळ रुग्णालयात या. विष प्यायला असेल तर बाटली आणा, रिकामी असली तरी.

कार्यवाहांनी मला घड्याळ दाखवले आहे. समोरच्या टेबलावर मी घरून एक जाड उशी आणली आहे. ज्यांना छाती कशी दाबायची ते करून पाहायचे असेल त्यांनी दोघादोघांनी पुढे यावे. आधी बायका आल्या तर मला बरे वाटेल, कारण घरात दुपारी कोणाला काही झाले तर बहुधा त्याच जवळ असतात.